गाळलेलं ‘म्हणे’

कुणी काही सांगायला लागलं, की आमचे सर उजव्या हाताची चार बोटं जुळवून कानशिलावर उभी धरायचे. तर्जनी कानाला टेकलेली, करंगळी डोळ्याच्या कोपऱ्याला. डोळ्यानं पाहिलेलं आणि कानानं ऐकलेलं यांत चार बोटांचं अंतर असतं, ही म्हण आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. हा माणूस ते अंतर दिवसभर मोजून दाखवायचा. नवीन माणसाला वाटे, सरांचं डोकं दुखतंय. आमच्या शिपायानं तर एकदा त्यांना बामची बाटली आणून दिली होती.

बोटं ठेवून झाली की प्रश्न ठरलेला. “पाहिलं, का म्हणे?”

लातूरच्या एका कॉलेजात ते इतिहास आणि पत्रकारिता शिकवायचे, मी अर्थशास्त्र. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी. त्यांचं घर नांदेडचं, वडिलांचं जुन्या नांदेडात पुस्तकं बांधायचं दुकान होतं. घरात दख्खनी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. मी अहमदपूरची. “मॅडम, तुम्ही अहमदपूरची माणसं ऐकलं की लगेच खरं समजता,” असं ते मला चिडवायचे. “आणि तुम्ही नांदेडची माणसं पाहिलं तरी खरं समजत नाही,” मी म्हणायची. त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. त्यांच्या नावाचा आणि आवाजाचा लोकांनी आधीच पुरेसा वापर केलेला आहे.

त्यांचा वर्ग पाहण्यासारखा असे. पहिल्याच दिवशी फळ्यावर तीन रकाने आखायचे. पाहिलं, विचारलं, म्हणे. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं तो पहिला. ज्यानं बघितलं त्याच्याकडं जाऊन विचारलं तो दुसरा. आणि कुणी बघितलं हेच जिथं कुणाला ठाऊक नाही, तो तिसरा. मग वर्तमानपत्रातली एकेक बातमी वाचायची आणि पोरांनी सांगायचं, कुठलं वाक्य कुठल्या रकान्यात. बरीचशी वाक्यं तिसऱ्यात जायची आणि पोरं हसायची. “बखरीतपण म्हणे असतंच रे बाबा,” सर म्हणायचे, “फक्त लिहिणारा ते गिळतो. आपलं काम ते त्याच्या पोटातून काढायचं.”

एकदा एका विद्यार्थ्यानं बातमी लिहून आणली. कॉलेजसमोर अपघात, एक जखमी.

“पाहिलं?” सरांनी विचारलं.

“न्हाई सर.”

“जखमीला विचारलं?”

“न्हाई. पोरं सांगून राहिली व्हती.”

“मग तसं लिही. ‘अपघात झाला म्हणे’ लिहायला लाज वाटते का? लाज ते गाळायची वाटली पाहिजे.”

पोरांनी त्यांचं नावच ‘म्हणे सर’ पाडलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि त्यांची काही तक्रार नव्हती. स्टाफरूममध्ये आम्हीही मागं नव्हतो. लातुरात नळाला पाणी कधी येणार हा प्रश्न म्हणजे सगळा म्हणेचाच कारभार. कुणी “उद्या पाणी आहे म्हणे” असं म्हटलं, की सगळे माना वळवून सरांच्या बोटांकडं बघत. पाणी रेल्वेनं आलं त्या उन्हाळ्यात सर स्वतः स्टेशनवर जाऊन बघून आले होते. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, “एवढी मोठी गोष्ट, तिसऱ्या रकान्यात कशी ठेवायची?”

माझ्या तासालाही मागच्या बाकावर येऊन बसायचे. मी फळ्यावर मागणी-पुरवठ्याच्या रेघा काढत असले की त्यांचा हात वर. “मॅडम, तूर चढणार म्हणे, एवढ्यावर मोंढ्याच्या बाजारात ती आजच चढते. तुमच्या आलेखात हे म्हणे कुठं दाखवायचं?” सगळा वर्ग माझ्याकडं बघायचा. मी त्यांना सांगायची, सर, तुमच्या वर्गात जाऊन बसा. ते हसत उठून जायचे. नंतर मी त्या प्रश्नावर एक अख्खा तास घेऊ लागले, हे मात्र त्यांना कधी सांगितलं नाही.

हा सगळा तुम्हाला विनोदी माणसाचा छंद वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

मग एका दुपारी त्यांनी मला भूकंपाची गोष्ट सांगितली. गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे गावंच्या गावं पडली, ते तुम्हाला सांगायला नको. सर तेव्हा तिशीच्याही आत होते. कॉलेजातली नोकरी नुकती लागलेली, आणि शिवाय एका दैनिकाचे वार्ताहर. पडलेल्या एका गावाच्या छावणीत त्यांना एक तरुण बाई दिसली. नवरा गेला, सासू गेली आणि तान्ही लेक गेली, असं ती सांगत होती. नोंद घेणाऱ्यानं मुलीचं नाव विचारलं. “नाव न्हाई,” ती म्हणाली. त्यानं पुन्हा विचारलं, तरी तेच. आईला लेकराचं नाव सांगता येत नाही म्हटल्यावर रांगेतल्या लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. संध्याकाळपर्यंत छावणीभर झालं. हिला मूलच नव्हतं म्हणे. मदत जास्त मिळावी म्हणून मेलेलं मूल सांगते म्हणे.

सरांनी त्याची बातमी केली. छावणीत कुजबुज आहे असं लिहिलं, प्रत्येक वाक्याला ‘म्हणे’ लावलं, शेवटी ‘खात्री झालेली नाही’ असंही लिहिलं, आणि पाकीट एसटीच्या ड्रायव्हरकडं दिलं. छापून आली तेव्हा वर मथळा होता, ‘मदतीसाठी खोटे मूल’. खाली चार-पाच ओळी, त्यांत एकही ‘म्हणे’ नाही. त्या दिवशी पानात जागा कमी होती, असं मागाहून कळलं.

तेव्हा कुठं सर चाकूरजवळच्या तिच्या माहेरी गेले. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं. पहिली नात म्हणून बारसं आपण आपल्या दारात थाटानं करू, गणपती होऊ द्या, असं सासूनं सांगितलं होतं. बाई सणाला लेक घेऊन सासरी आली. ज्या गल्लीनं ती पोर बघितली, मांडीवर घेतली, ती गल्लीच गाडली गेली. वाचले त्यांनी पोर पाहिलेली नव्हती. माहेरच्या सुईणीनं सरांना हात दाखवला. “ह्या हातानं नाळ कापली, मी कशाला म्हनं म्हनू?” पोरीचं नाव ठेवायचं राहून गेलं, आणि गावानं तिच्या आईलाच नावं ठेवली.

दैनिकानं दिलगिरी छापली. आतल्या पानावर, खाली, बोटभर. ती घेऊन सर बाईकडं गेले आणि त्यांनी ती वाचून दाखवली. मी ‘म्हणे’ लिहिलं होतं, वरच्यांनी गाळलं, हेही सांगितलं. बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुमी लिवलं व्हतं न्हवं म्हनं? मग गेलं कुठं ते?”



मी माझ्या स्वभावानुसार विचारलं, “पण सर, खात्री नव्हती तर बातमी पाठवलीच कशाला?”

त्यांनी बोटं चोळली. “वाटलं, म्हणे लावलं की आपले हात मोकळे. लई सोयीचा शब्द आहे, मॅडम. बोलणारा सुटतो, आणि ऐकणारा तेवढाच शब्द विसरतो.”

त्यांनी बातम्या देणं तेव्हाच सोडलं. बाईला शब्द दिला, की ही गोष्ट जिथं निघेल तिथं मी खरं काय ते सांगेन. तो त्यांनी पाळला. दर वर्षी पत्रकारितेच्या वर्गात बाईचं नाव-गाव न घेता ते ही गोष्ट सांगायचे. आधी छावणीत ऐकली तशी, सगळी ‘म्हणे’ लावून, बोटं कानशिलावर ठेवून. मग माहेर, सुईण, राहिलेलं बारसं. पोरं आधी बाईला हसायची आणि मग गप्प व्हायची. त्या गप्प होण्यासाठीच तो तास होता.

वर्षातून एकदा ते तिला भेटायला जायचे. एकदा मलाही नेलं. नवं वसवलेलं गाव, सारख्या घरांच्या सरळ रांगा, इतक्या सरळ की चुकायला होतं. बाई दिराच्या घरात राहत होती, त्याची लेकरं तिनंच सांभाळलेली. लोक तिला अजून ‘खोट्या पोराची’ म्हणत, तोंडावर नाही एवढंच. तिनं चहा टाकला आणि माझ्याकडं बघत सरांना विचारलं, “ह्या बाईंला खरं सांगितलं, का म्हनं?”

“खरं सांगितलं,” सर म्हणाले.

“मग बसा,” ती मला म्हणाली आणि बशीत दोन बिस्किटं ठेवली. परतताना एसटीत सर इतके खुशीत होते, की मी विचारलं, काय झालं? म्हणाले, “बघितलं ना मॅडम, आता ती चेष्टा करते माझी.”

पुढं लातूरला डॉक्टर व्हायची साथ आली. गल्लीगल्लीत क्लासेस, मेस, होस्टेलं, आणि चौकाचौकात मार्क मिळवलेल्या पोरांचे चेहरे टांगलेले. ज्याच्याकडं दोन खोल्या होत्या त्यानं त्यात सहा खाटा टाकल्या. इतिहास घेतो म्हणणाऱ्या पोराकडं घरचे लोक आजारी असल्यासारखं बघू लागले. सरांच्या वर्गात इतकीच मुलं उरली, की हजेरी घ्यायच्या ऐवजी ते सगळ्यांच्या घरची ख्यालीखुशाली विचारायचे. पत्रकारितेचा अभ्यासक्रम बंद झाला. बंद होणार म्हणे, असं आम्ही वर्षभर म्हणत होतो. शेवटी एक दिवस त्या खोलीत रिपीटर मुलांची टेस्ट सुरू झालेली दिसली आणि सर दारातून परत फिरले.

टाळेबंदीत शाळा-कॉलेजं बंद पडली त्या काळात यातल्याच एका क्लासवाल्यांनी मोबाइलचं ॲप काढलं. स्पर्धा परीक्षांना बसणारी पोरं होती, घरी बसलेले विद्यार्थी होते. इतिहास, अर्थशास्त्र, पत्रकारिता या विषयांचे धडे रेकॉर्ड करून ऑनलाइन वर्गांना द्यायचे, असं त्यांनी ठरवलं. ज्यांनी हे विषय शहरातून हुसकावले तेच आता ते विकायला निघाले होते. मी सरांना म्हटलं, यांच्या नादी लागू नका. पण त्यांच्या डोळ्यांत मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती अशी चमक आली होती.

“मॅडम, किनवटच्या कुठल्या तरी होस्टेलात एखादी पोरगी बसून ऐकेल. म्हणे म्हणजे काय, हे तिला तिथं जाऊन कोण सांगणार आहे?”

त्यांनी सही केली. त्यांच्या मागोमाग मीही केली. माझे अर्थशास्त्राचे धडे कुणी बघितले नाहीत, त्यामुळे त्यांचं काही बिघडलं नाही.

सरांना नुसत्या कॅमेऱ्याशी बोलता येईना. डोळे कुणावर ठेवायचे, हाच प्रश्न. शेवटी मी कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर बसले आणि ते मला शिकवू लागले. बाईच्या गोष्टीचा धडा रेकॉर्ड झाला तेव्हा मी तिथंच होते. आधी छावणीतली कुजबुज. “हिला मूलच नव्हतं म्हणे. मदत मिळावी म्हणून तिनं मेलेलं मूल सांगितलं म्हणे.” एकेका ‘म्हणे’वर थांबून, बोटं कानशिलावर. मग माहेर आणि सुईण. बारशाच्या जागी त्यांनी थांबून चष्मा पुसला आणि पुन्हा सुरुवात केली. प्रत्येक ‘म्हणे’ मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. माझ्यापुरतं ते पहिल्या रकान्यातलं आहे.

काही दिवसांनी चौकात सरांचा फलक लागला. चार बोटं कानशिलाला लावलेला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘आपल्या लाडक्या सरांना सलाम’. कुणा शहाण्याला ती सलामी वाटली होती. सर रिक्षा थांबवून खाली उतरले आणि बघत राहिले. “मॅडम, मी कुणाला सलाम करून राहिलो?” आम्ही दोघं रस्त्यात उभं राहून हसलो. तसं मोकळं हसलेलं मला ते शेवटचं आठवतं.

त्यानंतर माझ्या भाचीनं मला तिच्या फोनवर एक छोटा व्हिडिओ दाखवला. मिनिटभराचा असेल. सर बोलत होते. “हिला मूलच नव्हतं. मदत मिळावी म्हणून तिनं मेलेलं मूल सांगितलं.” धडाधड, एकामागून एक, कुठं थांबणं नाही. मागं ढोलाचं संगीत. वर लिहिलेलं, ‘भूकंपातलं धक्कादायक सत्य’. शेवटी परीक्षेचा प्रश्न, मदतवाटपातील गैरप्रकाराचे उदाहरण कोणते, आणि त्याला चार पर्याय. भाचीनं बरोबर उत्तर दाबलं आणि पडद्यावर फुलं पडली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सरांना मी स्वतः नेऊन दाखवला. त्यांनी शांतपणे बघितला. मग फोन हलवून बघितला, आत काही अडकलंय की काय असा.

“पुढचं?” त्यांनी विचारलं.

“पुढचा भाग पैसे भरणाऱ्यांसाठी आहे,” मी म्हटलं.

“म्हणजे अफवा फुकट, आणि खरं पाहिजे तर पैसे?”

आम्ही त्या क्लासच्या ऑफिसात गेलो. काचेच्या खोलीत एक तरुण बसला होता, धड्यांची जबाबदारी त्याच्याकडं. उद्धट नव्हता, हे मला कबूल केलं पाहिजे. उठून उभा राहिला, सरांच्या पाया पडला, कॉफी मागवली.

“सर, तुमचा कंटेंट एकदम भारी आहे. फक्त ते काही शब्द लई रिपीट होत होते. बरं का, म्हणजे, म्हणे. आम्ही क्लीन केले.”

“म्हणजे आणि म्हणे एकच का रे बाबा?” सर म्हणाले.

“ऐकायला सेमच वाटतं ना सर. सगळे तुम्हाला म्हणे सर म्हणतात, म्हटलं सवयीचा शब्द असंल.”

सरांनी त्याला फळ्याशिवाय, खुर्चीवर बसल्या बसल्या, तीन रकाने समजावून सांगितले. पोरगा मन लावून ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, “सर, हे पण रेकॉर्ड करू आपण.”

“ते करू नंतर. आधी तो व्हिडिओ काढ.”

“तो न्हाई काढता येणार सर. आपला सगळ्यात जास्त चाललेला आहे.”

“मग पुढचा भागपण फुकट कर. त्या बाईचं खरं आहे त्यात.”

त्यानं कॉम्प्युटरवर बघितलं. “तो भाग कुणी घेतलाच न्हाई सर. त्यामुळं मागच्या महिन्यात आपण तो काढून टाकला.”

सर उठून दाराकडं गेले. मी बरंच बोलले. कॉफी तशीच राहिली. वकिलाला सहीचा कागद दाखवला तर तो म्हणाला, आवाज आणि चेहरा तुम्ही त्यांना कायमचा देऊन बसलात. आमच्या भांडणाचा एवढाच उपयोग झाला, की त्या पोरानं व्हिडिओखाली एक ओळ घातली: ‘या व्हिडिओतील मते वक्त्याची वैयक्तिक आहेत.’ ती वाचून मी फोन आपटायचा तेवढा बाकी ठेवला. आता ती अफवा चक्क सरांचं मत झाली होती.

बाईच्या कानावर जायच्या आत आपण सांगावं, म्हणून सर गावाला गेले. एकटेच गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या घरी येऊन बसले. मी पाणी दिलं.

“चहा झाला का तिकडं?” मी विचारलं.

“नाही.”

आपल्याकडं दारात आलेल्याला चहा न विचारणं म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. दिराची धाकटी लेक लातूरला क्लासला असते. सुट्टीत घरी आली होती, तिनं अंगणात बसून तो व्हिडिओ लावला होता. बाईला पडदा नीट दिसत नव्हता, पण आवाज ऐकू आला. सर गेले तेव्हा बाईनं त्यांना एवढंच विचारलं, “आवाज तुमचाच हाय न्हवं?”

“हाव,” सर म्हणाले.

“मग,” ती म्हणाली आणि आत गेली.

“तुम्ही सांगितलं नाही, की तुम्ही म्हणे लावलं होतं म्हणून?” मी विचारलं.

सरांनी मान हलवली. “तेच पहिल्यांदा सांगितलं होतं, मॅडम. तेच दुसऱ्यांदा म्हणवेना.”

त्यानंतर आम्ही माझ्या फोनवर खरी गोष्ट रेकॉर्ड करून टाकली. आमच्या काही जुन्या विद्यार्थ्यांनी बघितली, हात जोडल्याची चित्रं पाठवली, झालं. तिकडं तो ढोलाचा व्हिडिओ एका गटातून दुसऱ्या गटात फिरत राहिला. कुणी कुणी त्यावरचं ॲपचं नावही पुसून टाकलं होतं. राहिले फक्त सर.

ते नांदेडला मुलाकडं राहायला गेले. मी फोन करायची. मुद्दाम म्हणायची, “सर, तुमच्याकडं लई पाऊस आहे म्हणे.” पलीकडून चार बोटं कानशिलावर गेली असतील, असं मला वाटायचं. पण ते नुसतं “हाव” म्हणायचे. काहीही सांगा, “हाव”. ज्या माणसानं आयुष्यात कुणाचं एक वाक्य तसंच गिळलं नाही, तो आता सगळ्यालाच हो म्हणत होता. मला त्याचा राग यायचा. अजून येतो, आणि तो त्यांच्यावर नाही.

हिवाळ्यात एका सकाळी आमच्या जुन्या गटावर निरोप आला, ‘सर गेले म्हणे.’ खाली लगेच श्रद्धांजल्या सुरू झाल्या. मी एकीलाही उत्तर दिलं नाही. पहिली गाडी धरून नांदेडला गेले. घरात बायकांच्या बाजूनं मला आत नेलं, चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं. मी पाहिलं.

त्या क्लासवाल्यांनीही श्रद्धांजली वाहिली. सरांच्या फोटोला काळी चौकट, खाली ‘ज्ञानाचा दीप मालवला’, आणि फोटोवर बोट ठेवलं की सरांचा सर्वांत लोकप्रिय धडा सुरू व्हायचा. तोच. त्या एका दिवसात तो किती लोकांनी बघितला असेल, याचा विचार मी करत नाही.

पुढच्या आठवड्यात मी बाईच्या गावाला गेले. सरळ रांगांत घर चुकले, मग सापडलं. ती उन्हात बसून शेंगा फोडत होती. आता तिला फारसं दिसत नाही. मी माझी ओळख सांगितली तेव्हा तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

“गेले म्हनं सर?” तिनं विचारलं.

“म्हणे नाही, बाई,” मी म्हटलं. “मी पाहिलं.”

ती उठली, भिंतीला धरत आत गेली. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं दोन कप घेऊन बाहेर आली, एक माझ्यापुढं ठेवला, दुसरा स्वतःजवळ ठेवून तशीच बसली. पलीकडच्या रांगेत कुणाच्या तरी फोनात तो ढोलाचा व्हिडिओ वाजत होता, तिनं तिकडं कान दिला.

“मेलेल्या मानसालाबी सोडंनात,” ती म्हणाली. “फोनात अजून तेच बोलायला लावून राहिले त्यायला.”

बोलले नाहीत, बोलायला लावलं. एवढंच ऐकायला सर तिच्या दारात गेले होते.